मातीच्या विटेत थर्मलची राख मिसळायची तर: मोजण्यापासून भट्टी उघडेपर्यंत

दिवाळीनंतर भट्ट्यांचा हंगाम सुरू झाला की मला फोन येतात आणि बहुतेक वेळा तक्रार एकच असते, राख घातली आणि वीट ठिसूळ झाली, कोपरे झडतायत, गिऱ्हाईक परत पाठवतंय, आता राखेचं नावच नको. मी सांगतो, एक वीट मधोमध फोड आणि आतला फोटो पाठव. फोटोत दरवेळी दोनपैकी एक दिसतं. एकतर पांढरट राखेचे सुपारीएवढे गोळे, नाहीतर मधे काळा पट्टा. यात राखेचा दोष नाही. पहिलं मिसळण्यातलं चुकतं आणि दुसरं भाजण्यातलं.

म्हणून सगळं क्रमाने लिहितोय. हे भट्टीत भाजायच्या मातीच्या विटेबद्दल आहे. सिमेंट किंवा चुना घालून, पाणी मारून पिकवतात ती करड्या रंगाची फ्लाय अ‍ॅश वीट वेगळी, तिची रीत वेगळी. दोन्हीची सरमिसळ करून भाजायच्या विटेत सिमेंट टाकणारे लोक मी पाहिलेत, तसं अजिबात करू नका, भट्टीच्या उष्णतेत सिमेंटची पकड मोडते आणि पैसे धुरात जातात.

## टप्पा १: राख कुठली आणली ते आधी ओळखा

दीपनगर, परळी, पारस, एकलहरे, कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर, यांपैकी जे थर्मल म्हणजे कोळशावरचं वीज केंद्र जवळ पडेल तिथून लोक राख आणतात. पण एकाच थर्मलमधून वेगवेगळी राख निघते.

सुकी राख म्हणजे चिमणीच्या आधी यंत्राने पकडलेली, पिठासारखी बारीक, फिकट करडी. तळ्याची राख पाण्यातून वाहून बंधाऱ्यात साठवलेली असते, ती ओली आणि थोडी भरड. बॉयलरच्या तळाशी पडते ती खडेदार आणि काळपट. तिन्ही चालतात पण तिन्हीला पाणी वेगळं लागतं आणि कोळशाचा हिशोबही वेगळा बसतो. त्यामुळे एका ट्रिपला सुकी आणि दुसऱ्या ट्रिपला तळ्याची आली तर दोन ढीग वेगळे ठेवा. एकाच ढिगात ओतली की मोजमाप संपलं.

राखेच्या तीन तपासण्या घरच्या घरी होतात:

ओल. एक किलो राख तव्यावर हलवत हलवत सुकवा, वजन उतरायचं थांबलं की मोजा. ७५० ग्रॅम उरली तर १०० किलो सुक्या राखेसाठी तुम्हाला १३३ किलो ओली राख घ्यावी लागणार.

न जळालेला कोळसा. पूर्ण सुकवलेली १०० ग्रॅम राख लोखंडी पळीत घेऊन लोहाराच्या भात्यावर तासभर लालबुंद ठेवा, अधूनमधून हलवा, पण वारा जपून मारा नाहीतर राखच उडून जाईल. गार झाल्यावर ९५ ग्रॅम भरली तर साधारण ५ टक्के कोळसा आत होता. हा आकडा वहीत लिहून ठेवा, टप्पा ७ मध्ये तोच कामाला येणार आहे.

खडे. ५-६ मिलीमीटरच्या जाळीवर चाळा. वर राहील ते बाजूला काढा.

सावधान: सुकी राख नाकातोंडात जाते आणि त्यात बारीक सिलिका असते. ढिगावर पाण्याची फवारणी ठेवा आणि कामगारांना नीट बसणारे मास्क द्या. तोंडाला रुमाल बांधून भागत नाही. विटा पाडणारी जोडपी मुलाबाळांसह भट्टीवरच राहतात, राखेचा ढीग त्यांच्या खोपीच्या वाऱ्याच्या दिशेला नको.

## टप्पा २: माती तपासा

राख किती घालायची हे माती ठरवते, शेजारच्या भट्टीवाल्याचा आकडा आपल्याला लागू होत नाही. काळ्या कपाशीच्या मातीत चिकण भरपूर असतो, ती सुकताना आकसते आणि तडकते, तिला राखेचा खरा फायदा होतो. नदीकाठचा पोयटा आधीच वाळूसारखा मोकळा असेल तर त्यात जास्त राख घातल्यावर वीट उचलतानाच कोपरे हातात येतात.

बाटलीची चाचणी सगळ्यांना माहीत असते पण कोणी करत नाही. पारदर्शक बाटलीत तिसरा हिस्सा माती, वर पाणी, चिमूटभर मीठ, जोरात हलवा आणि एक दिवस ठेवा. खाली वाळू, मधे गाळ, वर चिकण असे थर बसतात. वीट पाडायच्या मातीत चिकण २० ते ३० टक्के, गाळ २० ते ३५ आणि वाळू ३५ ते ५० टक्के असावी असं भारतीय मानकाचं मार्गदर्शन आहे. बाटलीतून अंदाज मिळतो, अचूक आकडा नाही, पण अंदाज पुरतो.

त्याहून उपयोगी आहे आकसण्याची चाचणी. मातीचा गारा (पाणी घालून मळलेला चिखल) करून एक लांबट पट्टी पाडा, ओली असतानाच तिच्यावर खिळ्याने बरोबर १० सेंटिमीटरची रेघ मारा आणि सावलीत सुकवा. रेघ ९.३-९.४ भरली तर माती बरी आहे. ९ च्या खाली गेली तर नुसत्या मातीची वीट तडकणारच, तिला राख हवी.

आणि चुनखडी. काळ्या मातीत पांढरे खडे असतात ते हेच. भट्टीत त्यांचा कळीचा चुना होतो, मग पावसाचं पाणी लागलं की तो फुगतो आणि विटेचा टवका उडतो. फरशी धुवायच्या अ‍ॅसिडचे दोन थेंब (हातमोजे घालून) खड्यावर टाका, फसफसलं तर चुनखडी. असे खडे मूठभर मातीत दोन-चार दिसले तर ती माती चाळून किंवा दळून घेतल्याशिवाय वापरू नका, राख घालून हा दोष झाकला जात नाही.

## टप्पा ३: प्रमाण वजनावर, घमेल्यावर नाही

सगळ्यात जास्त चुका इथे होतात.

केंद्र सरकारच्या १९९९ च्या अधिसूचनेपासून थर्मलच्या आसपासच्या विटांत निदान २५ टक्के राख घालायचं बोललं जातं, आणि तो आकडा वजनाचा आहे. लोक काय करतात, तीन घमेली माती आणि एक घमेलं राख, झाले २५ टक्के. नाही झाले. राख हलकी असते. माझ्याकडच्या घमेल्यात सुकी माती १६ किलो बसते आणि सुकी राख १० किलो. तीनास एक घातलं तर ५८ किलोत १० किलो राख, म्हणजे जेमतेम १७ टक्के. दोनास एक घातलं तर ४२ किलोत १० किलो, म्हणजे २४ टक्क्यांच्या आसपास. तळ्याची ओली राख असेल तर हिशोब परत बदलतो.

तुमचं घमेलं वेगळं, तुमची माती वेगळी, म्हणून एकदा काटा आणा आणि दोन्ही भरून वजन करा, मग त्या घमेल्यावर ऑइलपेंटने खूण करून ठेवा. कामगाराला टक्के सांगू नका, "दोन घमेली खुणेपर्यंत माती, एक घमेलं खुणेपर्यंत राख" असं सांगा.

पहिल्याच वेळी लाखभर विटांचा गारा करू नका. शून्य, १५, २५ आणि ३५ टक्के असे चार छोटे गारे करून प्रत्येकी २० विटा पाडा, ओल्या विटेवर खिळ्याने एक, दोन, तीन, चार रेघा मारा आणि नेहमीच्या भट्टीत मधल्या थरात लावा. कडेला लावल्या तर कमी भाजतात आणि तुम्ही दोष राखेला द्याल. काळ्या मातीला ३५ टक्केही मानवतात, पोयट्याला कधीकधी २५ सुद्धा जड जातात. तसं झालं तर त्यात थोडी काळी माती मिसळून चिकण वाढवा.

## टप्पा ४: आधी कोरडं मिसळा, मग पाणी

हा क्रम उलटा झाला की पुढचं काहीच सुधारता येत नाही.

माती शक्यतो पावसाळ्याआधी खणून पसरून ठेवा, पावसात भिजून उन्हात तडकून ढेकळं आपोआप फुटतात. हंगामात ढेकळं फोडून, खडे-मुळं काढून मातीचा सहा इंचांचा थर पसरा, त्यावर मापाने राखेचा सारखा थर, परत माती, परत राख. असे चार-पाच थर झाले की फावड्याने वरून खालपर्यंत उभे काप घेत सगळा ढीग एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला टाका. वरवर खरवडून नाही, उभा काप, म्हणजे प्रत्येक फावड्यात सगळे थर येतात. असं दोनदा करा, रंग एकसारखा दिसला पाहिजे.

मगच पाणी. हळूहळू शिंपडत, आळं करून, आणि रात्रभर मुरू द्या, काळी माती असेल तर दोन रात्री, वर ओलं पोतं झाका. मग तुडवा किंवा पगमिलमधून (गारा मळायच्या यंत्रातून) काढा.

चुलत्याच्या भट्टीवर पहिल्या वर्षी आम्ही हेच चुकवलं होतं. गारा तयार होता, राखेचा डंपर उशिरा आला, संध्याकाळ झालेली, म्हणून ओल्या गाऱ्यावरच राख ओतून तुडवली. वरून गारा मस्त दिसत होता. सकाळी तारेने एक गोळा कापला तर आत कोरड्या राखेच्या गोट्या, बाहेरून चिखलाने लिंपलेल्या, बोटाने दाबली की भुर्रकन पीठ. तो सगळा गारा सुकवून, फोडून परत करावा लागला, जोडप्यांची दोन दिवसांची मजुरी आम्ही भरून दिली कारण चूक त्यांची नव्हती.

तपासा: गाऱ्याचा नारळाएवढा गोळा घेऊन पातळ तारेने मधोमध कापा. कापलेल्या पृष्ठभागावर करड्या रेघा किंवा गोळे दिसले तर परत मळा. ढिगाच्या तीन ठिकाणचे गोळे कापा, एकाच नको.

पाण्याबद्दल अजून एक. राख पाणी ओढते, त्यामुळे गारा घट्ट वाटतो आणि माणूस अजून पाणी घालतो, मग मुरल्यावर तोच गारा सैल होतो आणि साच्यातून काढलेली वीट बसते. आधी मुरू द्या, मग लागलं तर पाणी. मुठीत दाबल्यावर बोटांचे ठसे स्पष्ट उमटले आणि तळहाताला फार चिकटलं नाही की गारा जमला.

## टप्पा ५: विटा पाडणं

साच्याला आतून बारीक वाळू किंवा कोरडी राख लावा. गारा एका दमात जोराने साच्यात मारा, दोन-तीन तुकड्यांत भरला तर त्यांच्यामधे सांधा राहतो आणि राखेच्या विटेत तो सांधा भाजल्यावर उघडतो. कोपरे बोटाने दाबून भरा. साचा तुमच्या गाऱ्याच्या आकसण्याप्रमाणे मोठा पाहिजे. राख घातल्यावर आकसणं कमी होतं, म्हणजे जुनाच साचा वापरला तर पक्की वीट थोडी मोठी निघते आणि गाऱ्याचा खर्च वाढतो. मानकाची वीट १९० बाय ९० बाय ९० मिलीमीटर आहे. गिऱ्हाईक नऊ इंची मागत असेल तर त्या हिशोबाने साचा करा, पण चाचणीच्या विटा मोजूनच.

## टप्पा ६: सुकवणं

राखेच्या कच्च्या विटेची ताकद कमी असते, म्हणून नुसत्या मातीची वीट जेव्हा उभी करता त्यापेक्षा अर्धा-एक दिवस उशिरा ही उभी करा. अंगठा दाबून ठसा उमटला नाही तरच हात लावायचा. पहिला दिवस कडक ऊन आणि वारा लागू देऊ नका, गवत किंवा जुन्या गोणपाटाने झाका. मग अरुंद बाजूवर उभी करा, मग बोटभर फट ठेवून जाळीदार थप्पी. हवेप्रमाणे आठ ते बारा दिवस लागतात.

भट्टीला न्यायच्या आधी थप्पीच्या मधली एक वीट मोडून बघा. आत गडद रंग दिसला तर ओल आहे. खात्री करायची तर त्याच विटेचं वजन दोन दिवस लागोपाठ करा, उतरत असेल तर थांबा. अवकाळी येणार असं दिसलं तर प्लास्टिक आधीच थप्पीजवळ आणून ठेवा, ढग आल्यावर शोधायला जाऊ नका.

## टप्पा ७: भट्टी रचणं आणि कोळशाचा हिशोब

"राखेत कोळसा असतो म्हणून भट्टीला कोळसा कमी लागतो" हे वाक्य सगळीकडे ऐकू येतं. अर्धं खरं आहे आणि म्हणूनच त्यातून नुकसान होतं.

पहिल्या टप्प्यातला आकडा काढा. समजा ५ टक्के आला. तीन किलोच्या सुक्या कच्च्या विटेत २५ टक्के राख म्हणजे ७५० ग्रॅम, त्यात कोळसा साधारण ३७ ग्रॅम, त्याची उष्णता ३०० किलोकॅलरीच्या आसपास. तुमचा दगडी कोळसा किलोला ४००० किलोकॅलरीचा असेल तर विटेमागे ७५ ग्रॅम कोळसा झाला, लाख विटांना साडेसात टन, कागदावर. प्रत्यक्षात सगळा जळत नाही, म्हणून पहिल्या भट्टीत त्याच्या निम्माच कमी करा आणि बघा.

पण राख सुकी, फिकट असेल आणि आकडा १ टक्का आला तर वाचणारा कोळसा नगण्य आहे, एक पाटीसुद्धा कमी करू नका. सुक्या राखेच्या भरवशावर कोळसा कापला तर अर्धी भट्टी पिवळट, कच्चट निघते. उलट तळ्याची काळी राख घेऊन कोळसा पूर्वीइतकाच लावला तर मधल्या विटा वितळून खंगर होतात. दोन्ही वेळा शिव्या राखेलाच.

रचताना विटांमधे बोटभर फटी ठेवा. विटेच्या पोटातला कोळसा जळायला हवा लागते, खच्चून रचली तर तो जळणारच नाही.

सावधान: टायर, प्लास्टिक, पेटकोक (तेल शुद्धीकरणातून उरणारा कोळशासारखा पदार्थ) किंवा घातक कचरा इंधन म्हणून वापरायला बंदी आहे, २०२२ च्या केंद्राच्या अधिसूचनेत ते स्पष्ट लिहिलंय. भट्टीच्या प्रकाराचे नियमही त्यातच आहेत, हंगामाआधी प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती बघून घ्या.

## टप्पा ८: भाजणं

पेटवल्यावर सुरुवातीला निघतो तो पांढरा धूर म्हणजे वाफ. ती संपेपर्यंत आच वाढवायची नाही. लोखंडी सळई वरच्या फटीत काही सेकंद घालून बाहेर काढा, तिच्यावर पाण्याचे थेंब दिसले तर अजून ओल आहे. घाई केली तर वाफ विटेला फोडून बाहेर येते.

मधला काळ नाजूक आहे. वीट अंधारात मंद लाल दिसायला लागली की आतला कोळसा जळायला लागतो, तेव्हा हवेच्या वाटा मोकळ्या ठेवून आच सावकाश चढवा. इथे भडका केला तर विटेची कातडी आधी पक्की होऊन बंद होते, आतला कोळसा तसाच अडकतो, आणि तोच तो काळा पट्टा. हलका काळपटपणा असला तर वीट चालते, पण पट्टा जाड आणि फुगलेला असेल तर ती वीट भाराच्या भिंतीला देऊ नका. शेवटी ९५० ते १००० अंश सेल्सिअस गाठून तिथे काही तास टिकवायचं असतं.

मग गार होऊ द्या. ५७३ अंशाच्या आसपास वाळूचे कण एकदम आकसतात, त्या वेळी थंड वारा लागला तर केसासारख्या बारीक चिरा पडतात आणि वीट वाजवल्यावर बद्द आवाज येतो. गिऱ्हाईक दारात उभं आहे म्हणून भट्टीवरचा मातीचा लेप फोडू नका.

## टप्पा ९: विकायच्या आधीच्या तपासण्या

प्रत्येक भट्टीतून वरच्या, मधल्या, खालच्या आणि कडेच्या विटा घ्या, निवडून चांगल्या नको.

पाणी: सुकी वीट वजन करा, २४ तास पाण्यात बुडवा, पुसून परत वजन करा. २.८ किलोची ३.२५ झाली तर ती १६ टक्के पाणी प्यायली. साध्या वर्गांच्या विटेला २० टक्क्यांपर्यंत मुभा आहे. राखेची वीट थोडी जास्त पिते, त्यामुळे बांधकामाआधी तिला भिजवायला गवंड्याला आवर्जून सांगा, नाहीतर ती मसाल्यातलं पाणी ओढून घेते आणि प्लास्टर सुटतं.

खार: पसरट भांड्यात इंचभर पाणी घालून वीट उभी ठेवा, पाणी आटू द्या, परत तेवढंच घाला, परत आटू द्या. पांढरा थर किती आला बघा. जास्त आला तर माती, राख किंवा पाणी यांपैकी कशात तरी क्षार आहेत, बोअरचं पाणी आधी बदलून बघा.

चुना: दोन विटा ओल्या गोणपाटात चार दिवस गुंडाळून ठेवा. टवके उडाले तर त्या लॉटच्या उरलेल्या विटा लगेच पाण्यात पूर्ण बुडवून काढा, म्हणजे चुना तिथेच विरतो, आणि पुढच्या वेळी माती चाळा.

ताकद: ही घरी होत नाही, इंजिनियरिंग कॉलेजच्या किंवा सरकारमान्य लॅबमधे द्या. सगळ्यात खालचा वर्ग ३.५, म्हणजे चौरस सेंटिमीटरला साधारण ३५ किलो. राखमिश्रित भाजलेल्या विटेचं मानक आयएस १३७५७ आहे, लॅबला ते नाव सांगा.

## राखेऐवजी दुसरं काही घालायचं असेल तर

भाताचं तूस आणि बगॅस (उसाची चिपाडं) विटेच्या पोटात घालता येतात, पण ते जळून जागा रिकामी होते, वीट हलकी आणि सच्छिद्र होते, म्हणून वजनाने दोन-चार टक्क्यांच्या पुढे जाऊ नका. कोल्हापूरकडच्या फाउंड्रीची टाकाऊ वाळू चिकण मातीला मोकळं करायला चालते, मात्र बेंटोनाइट या चिकणमातीने बांधलेली वाळूच घ्या (फाउंड्रीत तिला हिरवी वाळू म्हणतात), रेझिनवाली वाळू भाजताना विषारी धूर सोडते. पोलादाच्या स्लॅगमधे (भट्टीतल्या मळीत) मोकळा चुना असू शकतो, ओल्या गोणपाटाची चाचणी केल्याशिवाय नाही.

आणि कापड प्रोसेसिंगचा, गॅल्व्हनायझिंगचा किंवा चामड्याच्या कारखान्याचा गाळ कोणी फुकट आणून टाकतो म्हणाला, वर पैसेही देतो म्हणाला, तरी घेऊ नका. त्यात क्रोमियम, झिंक यांसारखे जड धातू असतात, ते कोणाच्या तरी घराच्या भिंतीत आणि भट्टीवरच्या माणसांच्या फुप्फुसात जातात. घातक कचऱ्याचा असा वापर मंडळाच्या परवानगीशिवाय करता येत नाही, २०१६ च्या नियमात तसं आहे.

मृग लागायच्या आधी उरलेल्या राखेचा ढीग ताडपत्रीने झाका आणि भोवती मातीचा बांध घाला. उघडा ठेवला तर पहिल्याच पावसात ती ओढ्यात आणि शेजाऱ्याच्या वावरात जाते, आणि पुढच्या हंगामाला जी उरेल तिची ओल परत पहिल्यापासून मोजावी लागते.